राजश्रीच्या कुंडीतली घाण

राजश्री माझी भावजय. लातूरला एका शाळेत भूगोल शिकवते. घाण सहन करायची तिची ताकद माझ्याहून फार मोठी, नाहीतर माझ्या भावाशी, उद्धवशी, तिनं संसार केलाच नसता. उद्धव तरुणपणापासून गुटखा खायचा. बेसिन लाल, जिन्याचा कोपरा लाल, शर्टाचा खिसाही लाल. मी उदगीरहून माहेरपणाला आले की बेसिनकडे न बघता चूळ भरायची.

मग त्याच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला. डॉक्टर म्हणाले, आता सोडला नाहीत तर तोंडाचं काही खरं नाही. उद्धवची पाचावर धारण बसली आणि त्यानं तुळजाभवानीची शपथ घेतली. राजश्रीनं बेसिन ॲसिडनं घासलं. सोफ्याशेजारी त्याचा थुंकायचा डबा असायचा, तो फेकून दिला. त्या जागी स्टूल ठेवलं आणि नर्सरीतून पेपेरोमिया नावाचं झाड आणलं.

वीतभर उंचीचं ठेंगणं झाड. जाड, गुळगुळीत, गोल पानांचं. मला पहिल्यांदा प्लास्टिकचंच वाटलं. पण राजश्रीचा जीव त्याच्यावर. थेट ऊन लागू नये म्हणून पडदा अर्धा ओढलेला. मातीत बोट खुपसून बघायचं, कोरडी लागली तरच पाणी. एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायचं. वरून मातीवर पांढरे खडे पसरलेले. "हे पानातच पाणी साठवतं, ताई," ती कौतुकानं म्हणायची, "लातूरचंच म्हणा की. नळ येईपर्यंत दम धरतं." त्या कोपऱ्यात आता वास मारत नाही, याचाच तिला आनंद होता.

पावसाळा सरता सरता झाडाचे देठ काळे पडायला लागले. मातीला आंबूस वास, भोवती चिलटं. राजश्रीला पहिला संशय आला तो आलेल्या-गेलेल्यांचा. लातूरच्या माणसाला पाणी फेकवत नाही, टंचाईनं हाताला वळणच लावलंय. पाहुणा अर्धा ग्लास पितो आणि उरलेलं आपलं उष्टं, मोठं पुण्य केल्यासारखं, जवळच्या कुंडीत ओततो. शी! कुणाकुणाच्या मिशा बुडालेलं ते पाणी! राजश्रीनं ग्लास बंद केले. तांब्या-भांडं ठेवलं, हवं तेवढंच ओतून घ्या म्हणाली.

तरी सडणं थांबेना. मग एक दिवस खड्यांच्या फटीत तिला चघळलेल्या सुपारीचा चोथा दिसला.

उद्धवचा मित्र भागवत, लातूरजवळच्या मुरुडचा, घरची शेती बघतो, आठवड्याच्या बाजाराला आला की यांच्याकडे चहाला टेकतो. उघड उघड गुटखा खाणारा. राजश्रीनं त्याला भर हॉलमध्ये झापलं.

"वैनी, म्या खातो, हाव," भागवत म्हणाला. "पर घरात न्हाई थुकत. कवाच न्हाई."

उद्धव टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "जाऊ दे गं. गावाकडचा माणूस आहे. होतं चुकून."

भागवतनं उद्धवकडे नुसतं बघितलं. चहा तसाच ठेवून चपला घातल्या, तो परत फिरकला नाही.

हे सगळं राजश्रीनं मला दिवाळीत सांगितलं. आम्ही दोघी वर्तमानपत्र पसरून झाडाची माती बदलायला बसलो होतो. उद्धव सोफ्यावर मोबाइल बघत होता. राजश्रीनं खडे बाजूला केले आणि झाड मुळासकट वर ओढलं. मुळं कुठली, काळा लगदा होता. माती लाल, चिकट, चोथ्याचे गोळे गोळे. तो वास आठवला तरी मला अजून अन्न जात नाही. राजश्रीची नखं लाल झाली होती.

वरचा चोथा ओला होता, अगदी ताजा. भागवत येऊन महिना उलटला होता. मुलगी उर्वी शिकायला पुण्याला. घरात राहणारी माणसं दोनच.

मी उठलेच. "नालायका! खाल्लास ते खाल्लास, वर मित्राच्या अंगावर ढकललंस? देवीची शपथ काय थुंकायला घेतली होतीस?"

"ताई, कधीतरी एखादी पुडी..." तो पुटपुटला. "ही आली की कुठं टाकू? कुंडी जवळ होती."

माझ्या सख्ख्या भावाची मला इतकी किळस कधी आली नव्हती. राजश्री ओरडेल, कुंडी फेकेल, निदान रडेल असं मला वाटलं. ती आत गेली. साबण लावून लावून हात धुतले. बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"तोंड उघडा."

"अगं, काय करायलीस? ताई बसलीय."

"बसू द्या. उघडा. डॉक्टर म्हणाले होते, तीन बोटं उभी मावली पाहिजेत."

महिनाभर तो भाकरी वरणात कुस्करून खात होता, दाढ दुखते म्हणून. मी आले त्या दिवशी आम्ही दोघींनी त्याला लवंगेचं तेलही दिलं होतं.

त्यानं तोंड उघडलं. तिचं एक बोट जेमतेम आत गेलं. दुसरं दातांवर अडलं. तिनं पुन्हा लावून बघितलं, पुन्हा अडलं.

"अजून उघडा," ती म्हणत होती. "उघडा ना हो."

उद्धवच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्याला याहून जास्त उघडताच येत नव्हतं.