साडूंनी घरी बदललेले ब्रेक

आपल्याखेरीज जगात कुणालाही काहीही येत नाही, यावर आमच्या थोरल्या साडूंची जितकी गाढ श्रद्धा आहे तितकी पेणपासून रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात कुणाची देवावरसुद्धा नसेल. न्हाव्याला केस कापता येत नाहीत, म्हणून ते दोन आरसे समोरासमोर लावून स्वतःचे केस स्वतःच कापतात आणि पुढचे पंधरा दिवस घरातही टोपी घालून वावरतात. गवंड्याला बांधकाम कळत नाही, म्हणून अंगणाच्या फाटकाचे दोन्ही खांब त्यांनी स्वतः ओतले. त्यांत सळई इतकी घातली की वर दुमजली घर उभं राहावं. फाटक मात्र अजून लागत नाही, कारण खांबांमधलं अंतर चार बोटं जास्त भरलं. दातांच्या डॉक्टरांबद्दल त्यांचं मत तर कागदावर लिहिण्यासारखं नाही. एकदा दाढेवरची निखळलेली टोपी त्यांनी कसल्याशा गोंदाने घरीच चिकटवली. ती वरच्या दाढेला चिकटली तशीच खालच्या दाढेलाही चिकटली आणि साडू अर्धा दिवस मुके झाले. आमची ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, लग्नानंतरची सर्वांत निवांत दुपार म्हणून अजून ती दुपार सांगते.

साडूंनी तीस वर्षं नागोठण्याकडच्या एका मोठ्या कंपनीत मेन्टेनन्समध्ये शिफ्टा केल्या. तिथे त्यांनी काय दुरुस्त केलं मला ठाऊक नाही. पण कंपनी अजून चालू आहे, याचं श्रेय ते स्वतःकडे घेतात. मी रोह्याला शाळेत मराठी शिकवत होतो. त्यामुळे ते मला 'मास्तर' म्हणतात, आणि तो शब्द असा उच्चारतात की ऐकणाऱ्याला वाटावं, मला काही दुखणं आहे आणि ते बरं होणारं नाही.

निवृत्तीनंतर या गृहस्थांनी पनवेलच्या एका बिल्डरकडून जुनी जर्मन गाडी घेतली. गाडी कसली, चार चाकांवर ठेवलेला दिवाणखाना. त्यांची गल्ली अशी की समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकीने कुणाच्या तरी ओटीवर चढायचं. त्या गल्लीतून ते ही गाडी दोन्ही आरसे मिटून, पोट आत घेतल्यासारखा श्वास रोखून नेतात. ताईला आत बसायला पाट लागतो. समोरच्या पडद्यावर कायम पाच-सहा लाल-पिवळे दिवे पेटलेले असतात. त्याबद्दल विचारलं तर मशीन बोलकं हाय एवढंच सांगतात. गाडीला ते गाडी म्हणत नाहीत, मशीन म्हणतात. मला विचाराल तर निवृत्त माणसाला मशीनची हौस असेल तर त्याने मिक्सर घ्यावा.

वडखळ नाक्यावर एके दिवशी ब्रेक दाबल्यावर या मशीनच्या पोटातून करर असा आवाज आला. शहाण्या माणसाने ती गॅरेजला नेली असती. साडूंनी खिडकीतून कान बाहेर काढून आवाज तीनदा ऐकला, मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या ऐकल्या आणि घरी येऊन जाहीर केलं की चारही चाकांचे पॅड गेलेत, डिस्कही खाल्ल्यात आणि आता दोन्ही आपण घरीच बदलायची. 'आपण' हा शब्द ऐकून ताईने लगेच मला फोन लावून दिला. साडूंनी मला विचारलं वगैरे नाही. रविवारी सकाळी आठ वाजता ड्यूटीवर हजर राहा, रिकाम्या पोटी येऊ नका, असा हुकूम सोडून त्यांनी फोन ठेवला.

जुलै महिना होता आणि चार दिवस पावसाने उघडीप दिली होती. मी सकाळच्या गाडीने पेणला उतरलो. साडूंचं अंगण फाटकाकडे उतरतं आहे आणि फाटकासमोर, गल्लीच्या पलीकडे, गणपतीच्या मूर्तींचा एक कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, पुढची बाजू उघडी. दोन-अडीचशे मूर्ती रांगेने मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये एक साठीच्या मावशी रस्त्याकडे पाठ करून, बारीक ब्रशाने एकेका गणपतीचे डोळे आखत बसल्या होत्या. ते काम करताना त्या कुणाशी बोलत नाहीत आणि मान वळवत नाहीत. मी नमस्कार केला तो भिंतीला पोचला.

अंगणात गाडी जॅकवर चढवलेली, आणि शेजारी साडू पिवळं हेल्मेट घालून उभे. माझ्यासाठीही एक हेल्मेट होतं. घरच्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या शेजारी, हेल्मेट घालून उभं राहण्याची माझ्यावर ती पहिलीच वेळ. मग त्यांनी माझ्या हातात एक फाइल दिली. तिच्यात एकेचाळीस कामांची यादी होती, प्रत्येकापुढे एक चौकोन. ते काम करणार, मी मोठ्याने वाचणार, झालं की चौकोनात खूण करणार. कंपनीत म्हणे असंच असतं. चौथं काम होतं 'हात पुसणे'. मी ते वाचलं, त्यांनी हात पुसले, मी खूण केली. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्याचं हे फळ.

पुढचे चार तास मी जे पाहिलं त्याला दुरुस्ती म्हणणं धाडसाचं आहे. पेणच्या खाऱ्या हवेने डिस्क आणि चाकाचा दांडा यांचं असं लग्न लावून दिलं होतं की पहिली डिस्क निघता निघेना. साडूंनी तिच्यावर तेल ओतलं, हातोडा घातला, तिच्याशी मोठ्याने बोलले. शेवटी ती निघाली ती एकदम, आणि साडू तिला उराशी धरून पाठीवर पडले. ब्रेकचं मोठं धूड नळीवर लोंबकळू नये म्हणून ते दोरीने बांधायचं होतं. दोरी सापडेना, तेव्हा ताईच्या परकराची नाडी गेली. पॅडवर ग्रीस नेमकं कुठे लावायचं यावर त्यांनी मला दहा मिनिटं व्याख्यान दिलं आणि मग ते स्वतःच्या भुवईला लावलं. कंपनी त्यांच्या हातून कशी वाचली याचा मी मनाशी विचार करत होतो.

बारा वाजता माझे पाय दुखू लागले, म्हणून मी गाडीतच, चालकाच्या जागी बसून यादी वाचू लागलो. कातडी सीट गार होती. साडू मागच्या चाकापाशी खाली बसले होते. तेवढ्यात ताईने कांदाभजी आणि चहा आणून दिला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती मलाही त्या दिवशीच कळली होती. नवे पॅड जाड असतात. ते बसावेत म्हणून ब्रेकचे दट्टे मागे रेटावे लागतात. त्यामुळे काम संपल्यावर ब्रेकचं पेडल पोकळ लागतं, ते दहा-बारा वेळा दाबून घट्ट करावं लागतं. तसंच, या गाडीचा हॅण्डब्रेक विजेवर चालतो. मागचे पॅड बदलताना तो एका छोट्या यंत्राने मोकळा करून ठेवतात आणि शेवटी आठवणीने पुन्हा चालू करतात. यादीत सदतीसावं काम होतं पेडल घट्ट होईपर्यंत दाबणे आणि अडतीसावं हॅण्डब्रेक चालू करणे. दोन्ही कामं आत बसणाऱ्याची, म्हणजे माझी.

माझ्या एका हातात भजी होती, दुसऱ्या हातात कप. मला त्या यादीचा, त्या हेल्मेटचा आणि त्या माणसाचा मनस्वी कंटाळा आला होता. मी भजी तोंडात टाकली, पेन उचललं आणि दोन्ही चौकोनांत खुणा केल्या.

मागून साडूंनी विचारलं, "पेडल घट्ट लागलं?"

मी म्हणालो, "लागलं."

चाकं चढली, नट आवळून झाले, जॅक उतरला. गाडी फिरवून बघायची म्हणून साडू माझ्या जागी बसले, मी शेजारी, हातात चहाचा दुसरा कप. चाकाखालच्या विटा त्यांनी आधीच काढल्या होत्या. गाडी चालू करताना पाय नेहमीपेक्षा खोल गेला हे त्यांना जाणवलं असणार. पण घट्ट लागलं म्हणून मी सांगितलं होतं. ज्या माणसाने न्हाव्यावर विश्वास ठेवला नाही, डॉक्टरवर ठेवला नाही, त्याने आयुष्यात एकदा दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून गिअर टाकला, आणि तो शब्द माझा होता.

गाडी उताराला लागली. साडूंनी ब्रेक दाबला. पेडल तळाला टेकलं आणि गाडी तशीच चालली. त्यांनी हॅण्डब्रेकचं बटण ओढलं. काहीच झालं नाही. समोर फाटक उघडं होतं, गल्ली होती, आणि गल्लीच्या पलीकडे त्या मावशींची पाठ. त्यांची मान खाली होती आणि ब्रश कुठल्यातरी डोळ्यावर टेकलेला होता. मला ओरडता आलं नाही.

साडूही ओरडले नाहीत. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी डावीकडे फिरवलं आणि ते अडीच टनांचं धूड फाटकाच्या डाव्या खांबावर घातलं.

त्या खांबाला मी आठ वर्षं हसत आलो होतो. तो हलला नाही. गाडीचा एक दिवा फुटला, बॉनेट वर आलं, समोरची जाळी खांबाला वेटोळं घालून बसली. साडूंचं डावं मनगट स्टिअरिंगच्या दांड्यात सापडून मोडलं. मला खरचटलंसुद्धा नाही. फक्त चहा अंगावर सांडला होता. ताई धावत आली. मावशींनी तेव्हा कुठे मान वळवली, ब्रश पाण्याच्या वाटीत ठेवला आणि गल्ली ओलांडून आल्या. तुझा नवरा धड हाय ना गो, असं ताईला विचारून त्यांनी आपल्या पदराने साडूंच्या भुवईवरचं ग्रीस पुसलं. त्यांना ते रक्त वाटलं होतं.

साडू गाडीतून उतरून त्यांच्यासमोर उभे राहिले. हेल्मेट काढलं. टोपी नसल्यामुळे त्यांची घरगुती हजामत उघडी पडली आणि एरवी मला हसू आलं असतं.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "पेडल न बघता मशीन हलवलं. तुमच्या जिवावर बेतलं असतं."

मी शेजारीच उभा होतो. फाइल माझ्या काखेत होती. तोंड उघडायला तो क्षण पुरेसा होता, आणि मी तो जाऊ दिला.

त्या दिवशी ते मुकाट्याने डॉक्टरकडे गेले आणि प्लास्टर कसं घालावं याबद्दल त्यांना एक अक्षर बोलले नाहीत. ताई घाबरली ती मनगटापेक्षा त्या गप्प बसण्याने. पुढे जो भेटेल त्याला ते स्वतः होऊन सांगत राहिले: किराणावाल्याला, बँकेतल्या माणसाला, कंपनीतल्या जुन्या सोबत्यांना. चालकाने पेडल तपासलं नाही, चूक माझी. लोक हसत. मीही एकदोनदा त्या हसणाऱ्यांत बसलो होतो. यादीवर सदतीसाव्या चौकोनात माझ्या शाईची खूण होती. ती फाइल ते कपाटात ठेवून होते, आणि मला कधी त्यांनी ती दाखवली नाही.

दोन वर्षं झाली त्याला. गाडी दुरुस्त झाली, पण साडूंचे गुडघे गेले. आता ते खाली बसू शकत नाहीत, बसले तर उठू शकत नाहीत. गेल्या महिन्यात ब्रेक पुन्हा वाजू लागले तेव्हा ताईने त्यांना पनवेलच्या एका मोठ्या गॅरेजला पाठवलं आणि सोबत मला दिलं. तिथे गिऱ्हाइकाला आत सोडत नाहीत. मधे भली मोठी काच, अलीकडे सोफे, कॉफीचं मशीन आणि जुनी मासिकं. साडू सोफ्यावर बसले नाहीत. काचेपाशी जाऊन, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मी शेजारी. अर्धा तास ते मला आतल्या माणसाच्या चुका सांगत होते. त्याने हात पुसले नव्हते. त्याच्याकडे यादी नव्हती. आणि मला जाणवलं की मी मान डोलावतोय, उगाच नाही, खरोखर पटून. तो माणूस मलाही धसमुसळा वाटत होता.

तिथे मी त्यांना सांगितलं. पेडल मी दाबलंच नव्हतं; न दाबता खूण केली आणि न दाबता लागलं म्हणालो. दोन वर्षं सांगायचं राहिलं, असंही काहीतरी बोललो, पण ते खोटं होतं. राहिलं नव्हतं, मी टाळलं होतं.

साडूंनी काचेवरची नजर काढली नाही.

"म्हायते मला," ते म्हणाले. "पेडल दाबलं की मागचे दिवे लागतात, मास्तर. मी मागच्या चाकापाशीच बसलेलो. एकदाही दिवा लागला नाय, ते मला दिसायला पायजे होतं. तुमची कशी चूक?"

त्यांच्या मते दुसऱ्या कुणाला काही येतच नाही, तर चूक तरी कशी येणार. मला ते अपमानासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आत कुणीतरी आमच्या गाडीचं चाक काढून भिंतीला टेकवून ठेवलं. साडूंचा उजवा हात पाठीमागे डाव्या मनगटावर होता आणि त्याची बोटं अगदी हळू, एका बाजूला, पाना फिरवल्यासारखी फिरत होती. काउंटरवरच्या मुलीने मला विचारलं, काका, बसा ना, कॉफी घेता का. मी नको म्हटलं आणि तिथेच त्यांच्याजवळ उभा राहिलो.