शेवंतामावशीचं समन्स

गाडी फलाटाला लागली तेव्हा आप्पांनी माझी ट्रंक टपावर चढवली, खाली उतरून हात झटकले आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. अंगावर खाकी कपडे होते, कारण मला पोचवून त्यांना तसंच कामावर जायचं होतं. कोल्हापुरातल्या एका लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात ते शिपाई होते. वीस वर्षं कायद्याची पुस्तकं कपाटातून काढून देणं आणि परत लावणं हेच त्यांचं काम. मी मात्र दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात, देशभरातून मुलं निवडणाऱ्या लॉ कॉलेजात चालले होते.

आई रडत होती. आप्पा रडले नाहीत. म्हणाले, "हितल्या कॉलेजात बी पुस्तकं हायत, सर चांगलं हायत. पण तिथनं शिकून आलेला बोलाय लागला की जज्ज मान वर करून बघतोय. म्हणून धाडतोय तुला."

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. आमच्या गडमुडशिंगीत, बुद्धविहारामागच्या गल्लीत, बारावीनंतर परराज्यात शिकायला गेलेली मी पहिलीच.

तुमच्यातले जे असे बाहेर पडले, त्यांना पहिलं वर्ष कसं जातं ते सांगायला नको. मेसमध्ये सांबार, वर्गात इंग्रजी, आणि रविवारी एसटीडी बूथवरून शेजारच्या दुकानात फोन लावून आईची वाट बघणं. माझ्या वर्गात न्यायाधीशांची मुलं होती, दिल्लीच्या मोठ्या वकिलांच्या मुली होत्या. जेवताना ती निकालांची नावं अशी घ्यायची, जशी आम्ही गल्लीतल्या माणसांची घेतो. सरावाचा खोटा खटला चालवायला खऱ्या कोर्टासारखा हॉल होता. शेवटच्या वर्षाच्या मुलांना नोकरीवर घ्यायला मुंबईच्या कंपन्या येत. हे सगळं असतं म्हणून कॉलेज मोठं, असं मी धरून चालले.

पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "तुझे वडील काय करतात?"

मी म्हणाले, "लॉ कॉलेजात असतात."

"प्रोफेसर?"

मी नुसती हसले. तेवढं हसणं पुरलं. पुढची दोन वर्षं तिथं माझे आप्पा प्रोफेसर होते.

दुसऱ्या वर्षानंतर मे महिन्याच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा शेवंतामावशी कागद घेऊन आली. ती आमच्या शेजारची, विधवा, दुसऱ्यांच्या शेतात भांगलणीला जाणारी. ती राहत होती ते घर आपलं एकट्याचं आहे, ते रिकामं करून मिळावं, असा दावा तिच्या थोरल्या दिरानं लावला होता आणि कोर्टाचं समन्स आलं होतं. मी कागद वाचला आणि मला फार बरं वाटलं, हे आज कबूल करते. सगळं मला येत होतं. घर सासऱ्याचं, त्यात नवऱ्याचा हिस्सा, नवऱ्यामागं तो बायकोचा आणि मुलाचा. मी अर्धा तास बोलले, मध्ये मध्ये इंग्रजीतही. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी म्हणाले, "मावशी, हा दावा टिकतच नाही."

"व्हय?" मावशी म्हणाली. तिनं कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि ती गेली. जाताना आईला म्हणाली, "पोरगी लई शिकली की गं."

कॉलेज सुरू झालं, मी परत आले. सप्टेंबरात आप्पांचं पत्र आलं. मावशी एकाही तारखेला गेली नव्हती. तिच्या गैरहजेरीत एकतर्फी निकाल लागला होता, घर दिराला देण्याचा. आप्पांनी लिहिलं होतं, 'तिला विचारलं, कोर्टात का गेली नाहीस. ती म्हणते, सुजातानं सांगितलं दावा टिकत नाही. मग कशाला जायचं? तिला वाटलं, तू बोललीस म्हणजे दावा संपला.'

अर्धा तास बोलण्यात 'अमुक तारखेला कोर्टात जा' एवढं एक वाक्य मी म्हटलं नव्हतं.

मावशीचं घर वाचवलं ते माने वकिलांनी. हातकणंगल्याहून रोज येऊन, आप्पांच्या कॉलेजात सकाळच्या वर्गाला बसून ते वकील झाले होते. आप्पाच तिला त्यांच्याकडं घेऊन गेले. तीस दिवसांच्या मुदतीत त्यांनी निकाल रद्द करण्याचा अर्ज टाकला, दावा पुन्हा चालला आणि दोन वर्षांनी घर मावशीकडंच राहिलं. पण ते पुढं. त्या सप्टेंबरात मला काहीच माहीत नव्हतं. मी दोन दिवस वर्गात गेले नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या दिवाणी कायद्याच्या मॅडमनी बोलावून घेतलं. मी सगळं सांगितलं. आप्पा शिपाई आहेत, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "समन्स आलं तर काय करायचं, हे एका पानात तुझ्या भाषेत लिही. त्या बाईंना कळलं पाहिजे. त्यांना कळलं, असं तुझ्या वडिलांनी लिहून पाठवलं की मी गुण देईन."

मी पान लिहून घरी धाडलं. आप्पांनी ते मावशीला वाचून दाखवलं आणि परत पाठवलं. समासात त्यांचं अक्षर: 'प्रतिवादी म्हणजे कोण, विचारते.' दुसऱ्यांदा: 'हजर राहणे नको, कोर्टात यायला पाहिजे असं लिही.' तिसऱ्यांदा: 'तारीख सगळ्यात वर घाल. तिला खालपर्यंत ऐकायचा कंटाळा येतो.' चार महिने ते पान येत-जात राहिलं. सहाव्या वेळी आप्पांनी खाली लिहिलं, 'कळलं म्हणाली. मी उलटं विचारून बघितलं, बरोबर सांगितलं.'

मॅडमनी ते पान वर्गात सगळ्यांना दाखवलं, समासातल्या अक्षरासकट. कुणाचं अक्षर, हे मीच उभी राहून सांगितलं. कुणी हसलं नाही.

दोन हजार सालानंतर मी स्वतःच शिकवायला लागले, उत्तरेकडच्या एका शहरात. घरात हिंदी चालते, मुलगा मराठी समजतो पण बोलायला लाजतो. प्रवेशाच्या दिवसांत पालक भेटतात. कॉलेज कितव्या नंबरावर आहे, पॅकेज किती मिळतं, विचारतात. मी खरं ते सांगते, कारण त्यांची काळजीही खरी असते. आप्पांचंही खोटं नव्हतं. त्या कॉलेजचं नाव ऐकून जज्ज मान वर करून बघतात, मी अनुभवलंय. पण मला विचाराल तर ते कॉलेज थोर ठरलं त्या चार महिन्यांत. एका शिपायानं आणि एका शेतमजूर बाईनं तपासलेला पेपर तिथं पेपर म्हणून धरला गेला. जिथं असं होत नाही, त्या कॉलेजला मोठं म्हणताना माझी जीभ अडते, मग इमारत कितीही मोठी असो.

आप्पा आता नाहीत. मावशीही गेली. तरी दिवाळीत गावी गेले की लोक कागद घेऊन येतातच. गेल्या वेळी मावशीची सून आली, शेताच्या वाटेची तक्रार घेऊन. मी दहा मिनिटं समजावलं. माझ्या शहरात मी बोलले की विद्यार्थी मान डोलावतात, वह्या भरतात, कळो न कळो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाली, "काय कळलं न्हाय बघ अक्का. परत सांग की."

एवढ्या वर्षांत किती घरं बदलली. पण असं तोंडावर म्हणणारी माणसं फक्त इथंच आहेत, आणि मला वाटतं, माझ्यापुरतं घर म्हणजे तेवढंच. मी तिला शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.