सुकेळ्यांशेजारी वाळवलेली हार्ड डिस्क

आमच्या वसईत ओलं झालं की उन्हात टाकायचं, हा धर्मच आहे. राजोडीला मासळी वाळते, निर्मळला सुकेळी, म्हणजे सोलून सुकवलेली केळी, आणि घरात पाणी शिरलं की गाद्यांपासून शाळेच्या दाखल्यांपर्यंत सगळं गच्चीवर. माझा धंदा नेमका या धर्माच्या आड येतो. बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांची माहिती मी परत काढून देते. कुणाची डिस्क भिजली असा फोन आला की मी सांगते, ओलीच आणा, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालून आणा. पाणी उडून गेलं की त्यातला गाळ आतल्या तबकडीला धरून बसतो. पण लोकांना वाटतं, बाईचं डोकं फिरलंय.

निर्मळच्या एका दादांनी मला फोन केलाच नव्हता. केळी आणि फुलं पिकवणारा माणूस. वाडीतल्या अरुंद वाटेवरून जाताना त्यांची स्कूटर घसरली आणि हँडलची पिशवी बावखलात, म्हणजे वाडीला पाणी देणाऱ्या तळ्यात, गेली. पिशवीत डिस्क. दादांनी ती काढली आणि बांबूच्या मांडवावर सोललेली केळी सुकत होती, त्यांच्या रांगेत ठेवून दिली. तुळिंजला माझ्या दुकानात टेबलावर त्यांनी पुडकं सोडलं तेव्हा आतून मुंग्या निघाल्या.

"झाकण कुणी काढलं?" मी विचारलं.

"मीच. आत ऊन नको लागायला?"

"दादा, हे केळं आहे का सोलून वाळवायला?"

माझी जीभ अशीच आहे. दादा रागावले नाहीत, खुर्चीत बसले आणि खाली बघत म्हणाले, "आयची गाणी हायत त्यात."

त्यांच्या घरात लग्नाची जुनी गाणी घरच्या बोलीतच म्हणतात. हळद दळतानाची, मांडव घालतानाची. आळीतल्या बायकांना आता कुणाला दोन ओळी येतात, कुणाला चार. सबंध गाणी फक्त दादांच्या आईला येत. तिला समोर बसवून त्यांनी ती सगळी तिच्या आवाजात रेकॉर्ड करून डिस्कमध्ये भरून घेतली होती. दिवाळीनंतर आई गेली, आणि आता वैशाखात मुलीची हळद होती.

"तुम्हाला येत नाहीत?"

"एक ओळ धड येत नाही, ताई. म्हणून तर भरून ठेवली."

मी डिस्क ठेवून घेतली. खाली बाजार, रिक्षा, रस्त्याची धूळ, आणि वर माझी काचेची पेटी, जिच्यात गाळलेली हवा सोडते. तुळिंजमध्ये हे काम होतं यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. नाही बसला तरी मला त्याचा राग नाही. मजाच येते.

तबकडी आरशासारखी असायला हवी. ही शिळ्या पाकाच्या ताटासारखी दिसत होती. केळ्याचा चिकट रस, त्यात मुंग्यांचे पाय, आणि खाली बावखलाचा गाळ. रसाची मला भीती नव्हती, साखर पाण्यात विरघळते. भीती गाळाची. त्यातला एक कण जरी घासला गेला तरी तिथलं गाणं गेलं. म्हणून मी पुसत नाही, सोडवते. शुद्ध पाण्याचा थेंब ठेवायचा, थांबायचं, तो टिपून घ्यायचा, पुन्हा दुसरा. मग अल्कोहोल, मग बिनधाग्याचं फडकं, मधून कडेकडे, हाताचा भार न देता. घाई केली की संपलं. एरवी मी सिग्नलला उभी राहू शकत नाही, पण या पेटीपुढे माझ्याइतकी शांत बाई सगळ्या तालुक्यात सापडणार नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी ते पाहिलेलं नाही.

तबकडीवरची माहिती वाचणारं जुनं हेड कामातून गेलं होतं. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं बसवलं. तबकडी फिरली, आवाज स्वच्छ आला, आणि मी एकटीच टेबलावर हात आपटून हसले. गाणी आली. फक्त कडेला एक बारीक ओरखडा होता, तिथलं काही वाचता आलं नाही. हळदीच्या गाण्यात मध्येच एका ओळीपुरती शांतता राहिली. मला ती फार लागली. दादांना गाणी देताना मी तेच आधी सांगितलं. ते म्हणाले, "बाकीची आय तर आली ना? हळदीला या."

मी गेले. मोठ्या स्पीकरवर म्हातारीचा आवाज मांडवभर झाला आणि बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या. मग हळूहळू त्यांच्या तोंडून ओळी निघू लागल्या. माझी छाती अभिमानानं भरून आली होती, पण मी एकेक ओळ मोजत होते, कारण ती रिकामी जागा कुठे येणार ते मला माहीत होतं.

ती आली. स्पीकर गप्प. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मुलीच्या गालाला हळद लावताना दादांचा हात थांबला, आणि त्यांच्या तोंडून ती ओळ निघाली, बेसूर, पण सबंध. घाईघाईत म्हटल्यामुळे ती लवकर संपली. मग हळदीचा हात तसाच धरून ते आईची पुढची ओळ येईपर्यंत थांबले.