बाबांची नजर

बाबांपासून काही लपवायची सोय नव्हती. अंजनगावच्या स्टँडवर मी एसटीतून उतरायचे आणि हातातली पिशवी घेण्याआधीच ते विचारायचे, "काहून सुकली वो माय? सासरी जेवाले देत नाही काय?" अख्ख्या स्टँडला ऐकू जायचं. मला भारी राग यायचा. आज तेच ऐकायला जीव तुटतो.

बाबांचा साखरेचा आजार जुना. गोळी घेत, पण चहा अगोड लागला की आईवर डाफरत. एका हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगू लागले, उजव्या डोळ्याला सगळं धुरकट दिसू लागलं. "मोतीबिंदू आहे. पिकू दे, संत्रा तोडून झाला का काढून टाकू," म्हणाले. सगळा जन्म संत्र्याच्या बागेत गेलेला माणूस, पिकायची वाट पाहण्यात त्यांना काय वावगं वाटणार? आम्हालाही वाटलं नाही.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून तपासलं. मोतीबिंदू किरकोळ होता. बिघाड मागच्या पडद्यात होता. वाढलेल्या साखरेनं तिथल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन पाझरत होत्या, नव्या फुटलेल्या कच्च्या निघाल्या आणि त्यांतून रक्त सांडलं. "साखर निघाली तेव्हापासून दरवर्षी पडदा तपासायला हवा होता. दुखत नाही, म्हणून कुणी येत नाही," त्या म्हणाल्या. उजवा डोळा हाती लागला नाही. डावा वाचवायला लेसर केलं, डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली जपायची होती. बाबा आता बिनसाखरेचा चहा मुकाट पितात.

परवा त्यांना तपासणीसाठी अमरावतीला आणायला गेले. सासरी बरंच बिनसलं होतं, जाताना सगळी वाट मी रडत होते. परतीच्या एसटीत त्यांच्या उजवीकडे बसले तर म्हणाले, "इकडून बस. या डोळ्यानं दिसते मले थोडंसं."

मी उठून डावीकडे बसले. तोंड जवळ आणून ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. आता विचारतील, वाटलं. विचारावं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारावं.

"बरी आहे ना वो?"

"हो बाबा, मस्त."

"मंग ठीक," म्हणत ते निर्धास्त टेकून बसले. माझे डोळे अजून सुजलेलेच होते.