गावंडे काकांचा रोजचा एक मेसेज

चहा थंडा झाला तरी चालन, पण हे ऐकाच. एवढा गाढवपणा माह्या हातून जन्मात झाला नाई.

अकोल्यात आमच्या कॉलनीच्या ग्रुपचा मी अ‍ॅडमिन. शेजारी गावंडे काका एकटेच राहतात. ऐकू कमी येते, फोन उचलत नाईत, म्हणून सारं बोलणं मोबाइलवर लिहून. आन लिहायची तऱ्हा काय बाप्पा! एक शब्द लिहिला का पाठवला. 'नळ' एक मेसेज. 'आज' दुसरा. 'येणार नाई' तिसरा. घास तोंडात का फोन टुणटुण. डोकं फिरलं माह्यं. लावला नियम, माणशी दिवसाले एकच मेसेज, नाईतर ग्रुपच्या बाहेर.

बायको म्हणे, "म्हाताऱ्याचं तोंडच बंद केलं तुमी."

दुसऱ्या दिवशी काकांचा मेसेज आला. 'चाललो मी.'

पाहतो तर घराले कुलूप. रागावले असतील म्हटलं, येतील.

मंग रोज सकाळी एकेक येऊ लागला. 'पोचलो.' मंग 'इथं लय शांत हाय.' मंग 'आता त्रास नाई कसलाच.'

वाचून अंगावर काटा आला. ग्रुपवर कोणी विचारलं, काका, कुठं हाय तुमी? उत्तर दुसऱ्या दिवशी. 'तिथलं सारं दिसून राह्यलं मले.'

संध्याकाळी त्या बंद घराच्या वळचणीखाली एक लाल ठिपका लुकलुकताना दिसला. गल्लीतलं कुत्रं तिकडं तोंड करून रडे. आता सांगा, तुमी काय समजले असते? म्हातारा गेला, आन माह्या नियमापायी मनातलं मनात घेऊन गेला! रात्रभर डोळ्याले डोळा नाई.

उजाडताच दहीभात घेतला. धुक्यात काकांच्या भिंतीवर ठेवला, मातीत आडवा पडलो आन म्हटलं, "काका, चुकलो. तुमची इच्छा राह्यली असन ते सांगा, मी पुरी करतो."

कावळा काई येईना. खिशात फोन वाजला.

'सुधाकर, भात कोणासाठी?'

पडल्या जागीच ग्रुपवर लिहिलं, नियम रद्द, काका, सारं बोला आन मोकळे व्हा.

टुण. 'मी' टुण. 'नांदगाव पेठले' टुण. 'पोराकडे हाय.' टुण. 'त्यानं घरी' टुण. 'क्यामेरा लावला.' मी वर पाह्यलं. लाल ठिपका माह्याकडंच पाहून राह्यला होता.

टुण. 'उठ आता.' टुण. 'थांबा सगळे' टुण. 'व्हिडिओ टाकतो.'

तवापासून ग्रुपवर कोणाले बंधन नाई. मी मात्र एकबी मेसेज टाकत नाई. टाकला का खाली काकांचे तीन येतात. 'भात' 'झाला' 'का?'