अत्तरवाल्याचा शर्ट

ज्याचा वास माणसाच्या नाकाला येत नाही असलं अत्तर घेऊन तो हिंडायचा, म्हणून गावाने त्याला अत्तरवाला करून टाकलं. बागायतदारांच्या संस्थेचे कामगंध सापळे तो सांभाळायचा. सापळ्यात मादी पतंगाच्या वासाची रबरी गोळी लावायची, भुललेले नर त्यात अडकायचे. ते वाढले की मागोमाग अळी येणार, म्हणून तो शेतकऱ्यांना फवारणीचा निरोप द्यायचा. गोळ्या खिशात ठेवू नयेत, हे बायकोने कितीदा तरी सांगितलं. स्वारी या कानाने ऐकायची आणि त्या कानाने सोडून द्यायची.

तो गेल्यावर काम बायकोकडे आलं. तिचं सगळं चोख. हातमोजे, बंद डबी, हयगय नाही. फक्त त्याचा शेवटचा शर्ट तिने धुतला नाही. दिराच्या टोमॅटोच्या शेताला लागून असलेल्या पडवीत तो खुंटीला होता. येताजाता ती त्यात तोंड खुपसायची. त्यावर कधी पतंग दिसले, तर दिव्याला आले असतील म्हणून झटकून टाकायची.

त्या हंगामात दिराच्या सापळ्यांत पतंग येईनात. "भाऊजी, एवढ्यात फवारू नका," असं ती सांगत राहिली. एका सकाळी दीर पोखरलेले टोमॅटो घेऊन दारात उभा राहिला.

"वहिनी, तुम्ही थांबा म्हणालात, मी थांबलो."

त्याने आवाज चढवला नाही, म्हणून तिला जास्तच लागलं. तशीच उठून तिने सगळे सापळे पाहिले. गोळ्या ताज्या, सापळे धड. पडवीतून परत येताना तिची नजर शर्टावर गेली. खिशाला पतंग बिलगून बसले होते, आणि आदल्या रात्री तिने दिवा लावलाच नव्हता.

"भाऊजी, तुमचे पतंग माझ्याकडे येत होते."

दिराने शर्टाकडे पाहिलं. पीक हातचं गेलं होतं, तरी तो म्हणाला, "असू द्या. धुऊन टाका."

"धुऊन जात नाही हो हे. जाळावाच लागेल."

तिने शर्ट काढला, पतंग झटकले आणि तो त्याच्यापुढे धरला. "जरा वास घेऊन बघा. येतो का ह्यांचा?"

दिराने नाकाशी धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"येतो ना," तो म्हणाला.

तिला तो वास कित्येक महिन्यांत आला नव्हता. दीर खोटं बोलतोय हे तिला कळलं, आणि ती त्याच्यासमोरच ढसाढसा रडली. मग तिने शर्ट त्याच्या हातून घेतला आणि स्वतःच काडी लावली.