बावडीसाठी लोटाभर पाणी

जवाहर नगरातले आमचे शेजारी पूर्वी नगराध्यक्ष होते. शहरात गल्लोगल्ली नळ त्यांनीच आणले. पाण्यातून होणारा नारू थांबावा म्हणून जुन्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, जाळी बसवून कुलूप घातलं, तेही त्यांनीच. बोलण्याआधी ते डोळे मिटत, जणू नळ उघडून पाणी येण्याची वाट बघताहेत. मला ते जरा विक्षिप्तच वाटायचे.

रोज सकाळी ते नळाचं पाणी लोट्यात घेऊन निघत. एकदा मी मागोमाग गेले. ते जाळीतून बावडीत बारीक धार सोडत होते.

"बाबूजी, यह क्या?"

त्यांनी डोळे मिटले. "बेटी, इसने पूरे शहर को पिलाया. इसे कौन पिलाएगा?"

लोटा रिकामा झाला. खालून आवाज आला नाही, तरी ते कान देऊन उभे राहिले. नकळत मीही डोळे मिटले.